मानाची झडती

उमरटोलीच्या पोळ्यात बैल शेवटी धावतात, त्याआधी माणसांच्या जिभा धावतात. गावाबाहेर गुरं जमतात त्या आखरावर दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. त्याच्याखाली झुली पांघरलेल्या, शिंगं रंगवलेल्या जोड्या रांगेनं उभ्या राहतात. आणि झडत्या संपेपर्यंत तोरण तुटायचं नाही, हा गावचा नेम. झडती म्हणजे चार-सहा ओळींचा यमकाचा फटका. वर्षभर ज्याच्या पोटात जे खदखदत असेल ते त्यानं त्या दिवशी तोरणाखाली ओतावं, मग ते सावकाराबद्दल असो, सुनेबद्दल असो की सरकारबद्दल. साऱ्या गावानं ‘हर हर महादेव’ म्हणून ते उचलून धरावं, आणि ज्याला लागलं त्यानं हसून घ्यावं.

शेवटची झडती मात्र मानाची. ज्याच्या बैलांनी तोरण तोडायचं, त्या घरच्या कर्त्यानं बैलाच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणायची. आणि एकदा ती तोंडातून निघाली की मधे तोडायची नाही. अर्धी तोडली तर त्या घरच्या दावणीला वर्षभरात बैल उरत नाही, असं लोक मानायचे, आणि मानायचे म्हणजे अगदी हाडामासातून मानायचे.

तो मान गुणवंतरावाचा होता. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण मालगुजार म्हणायची गावाची सवय गेली नव्हती. भाषण ठोकावं तर गुणवंतरावानंच, पण यमक जुळवायचं म्हटलं की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. म्हणून मानाच्या झडतीच्या वेळी त्याच्या पाठीशी इसरू उभा राहायचा. ओळ संपली की गाडीवान जंगू ढोलावर थाप मारायचा, त्या थापेच्या आडून इसरू पुढची ओळ कानात सोडायचा, आणि गुणवंतराव छाती फुगवून ती आखरभर ऐकवायचा. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तोंड मालगुजाराचं नि जीभ इसरूची, असं म्हणून बाया पदराआड हसायच्या. गुणवंतरावही हसायचा. कानात आलं की तोंडातून काढायचं, इतकी ती सवय त्याच्या अंगात मुरली होती.

इसरू तेवीस वर्षांचा. नागभीडच्या शाळेत चार बुकं जास्त शिकलेला, दंडारीच्या खेळात गाणारा, आवाज असा की धानाच्या बांधीत रोवणाऱ्या बाया त्याचं गाणं ऐकून हात थांबवायच्या. नागपूरच्या छोट्या गाडीनं नागभीडला येणारं वर्तमानपत्र तो दुसऱ्या दिवशी गावात आणायचा आणि चावडीवर वाचून दाखवायचा. राज्यं नव्यानं आखणारा आयोग आला, आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करा म्हणून लिहिलं, हे त्यानंच गावाला सांगितलं होतं. तेव्हा गुणवंतरावानं त्याला पाठीवर थाप देऊन म्हटलं होतं, “इसरू, तू गाणी बांध, मी सभा घेतो. आपलं राज आपन आनू.”

इसरूनं गाणी बांधली. धान कापताना बांधली, बैलगाडीत बांधली, नागपूरच्या धर्मशाळेत उपाशीपोटी बांधली. चैत्राच्या उन्हात तो नागपूरच्या रस्त्यांवर मोर्च्यापुढे गात होता, आणि गुणवंतराव शेतीचं काम निघालं म्हणून आधीच गावी परतला होता. नागपूरला जाण्याआधी इसरूनं गुणवंतरावापाशी एकच मागणं मागितलं. गुणवंतरावाचा चुलतभाऊ सोमाजी, त्याची लेक रुखमा. तिच्यासाठी शब्द टाका, तुमचा शब्द सोमाजीभाऊ मोडनार नाई, एवढंच. गुणवंतराव हो म्हणाला होता. वर, लाजतो काय बे, असंही म्हणाला होता.

इसरू परत आला तेव्हा त्याचा घसा बसलेला होता, आणि सोमाजीच्या अंगणात मांडवाचे खांब अजून उभे होते. वरची जांभळीची पानं वाळून कुरकुरीत झाली होती. रुखमा वडस्याला नांदायला गेली होती, धानाची गिरणी असलेल्या बड्या घरी. गुणवंतरावाची गाडी हाकणारा जंगू लग्न ठरवताना वडस्याला बरोबर होता. गोंडांच्या वस्तीतला हा इसरूचा जिवाचा दोस्त. त्यानं ओसरीवर बसून जे ऐकलं ते इसरूला तसंच सांगितलं. गिरणीवाला म्हणाला होता, तुमच्या घरची पोरगी आमच्या घरी आली की निवडणुकीच्या तिकिटाचं आमच्याकडं लागलं. पक्षाच्या कमिटीचे साहेब आमच्याच घरी उतरतात.

श्रावण सरता सरता दिल्लीतही निकाल लागला. विदर्भ वेगळा नाही, मोठं मुंबई राज्य, आणि त्यात आपला चांदा जिल्हाही. इसरूनं चावडीवर ते वाचलं आणि कागदाची घडी घातली. उमरटोलीतल्या कोणी मुंबई पाहिली नव्हती. समुद्र म्हणजे काय हे पत्रू म्हाताऱ्यानं विचारलं, तर कोणालाच धड सांगता येईना. जंगू मात्र हसला. नागपूरचं राज असलं काय नि मुंबईचं असलं काय, आमच्या मोहाच्या झाडांवर जंगलचा गार्ड तोच येऊन बसते, असं म्हणाला.

इसरूला हसू आलं नाही. त्या रात्रीपासून दोन गोष्टी त्याच्या मनात एका दाव्यानं बांधल्या गेल्या. जिल्ह्याला विचारलं नाही आणि दिला. रुखमाला विचारलं नाही आणि दिली. दिल्लीत हात वर झाले, वडस्याला माना हलल्या. आणि दोन्हीकडं दलाल एकच, तिकिटासाठी गप्प बसलेला गुणवंतराव. ज्या तोंडात आपण सारी वर्षं आपले शब्द घातले, त्याच तोंडानं आपलं राज विकलं आणि आपलं माणूसही विकलं. दिल्ली लांब होती, तिथं त्याचा हात पोचत नव्हता. गुणवंतराव जवळ होता. इतका जवळ, की त्याच्या कानाची भोकंही इसरूला ठाऊक होती.

पोळ्याला दोन दिवस असताना गुणवंतरावानं त्याला बोलावणं धाडलं. ओसरीवर पानाचा डबा पुढं सरकवला आणि सांगितलं की या वर्षी पोळ्याला कमिटीचे साहेब येणार आहेत, वडस्याचा जावईही येणार आहे, तेव्हा झडती जरा वेगळी पाहिजे. मोठ्या राज्याचं गोड बोलणारी. मुंबईचं दार उघडलं, धानाला भाव आला, असं काहीतरी.

“आनि मागच्या साली तुमी बैलाच्या खांद्यावर हात ठेवून जे बोलले, त्याचं?” इसरूनं विचारलं.

“मागचं कोन ध्यानात ठेवते गा? झडतीच तं होती.”

इसरू बरं म्हणाला. घरी जाऊन त्यानं मुंबईची झडती बांधली, चांगली गोड बांधली, आणि सकाळी जाऊन गुणवंतरावाला म्हणून दाखवली. गुणवंतराव खूश झाला. पाठ करायचा त्याला कंटाळा. तू मागं उभा आहेसच, म्हणाला.

त्याच दिवशी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना तलावावर धुवायचं, हळद-लोण्यानं त्यांचे वर्षभर जू ओढून सोललेले खांदे पळसाच्या पानांनी शेकायचे, आणि कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. इसरू तलावाच्या पाळीवर आपल्या बैलाचा खांदा शेकत होता. पाण्यात ढगांची सावली हलत होती, कमळाच्या पानांवर बगळे चालत होते, आणि त्याच्या मनात पोळ्याच्या दोन झडत्या एकीला एक घासत होत्या. एक मुंबईची गोड, दुसरी मागच्या वर्षीची, मुंबईच्या दारी न जायच्या शपथेची. तिच्या शेपटीला त्यानं नव्यानं दोन ओळी जोडल्या होत्या. त्या ओळींत रुखमाचं नाव होतं.

आणि तेवढ्यात रुखमाच समोर आली. बापाच्या बैलांसाठी लोण्याची वाटी घेऊन आली होती. अंगावर वडस्याचं भारी लुगडं, पण चालणं तेच, पाय जपून टाकणारं. आजूबाजूला पोरं बैलांच्या पाठीवर पाणी उडवत होती, त्यामुळे जवळच्या पाण्यातल्या जंगूवाचून दोघांचं बोलणं कोणाच्या कानी जाण्यासारखं नव्हतं.

“उद्या तू मागं उभा राहशील ना?” तिनं विचारलं.

“दरसाल राहतो.”

“जंगूच्या बायकोनं सांगितलं मले. काकाची फजिती करनार म्हनते. कर. मले त्याचं वाईट नाई वाटत.” तिनं बैलाच्या खांद्यावर लोणी ठेवलं आणि बोटांनी हळूहळू पसरलं. “पन माहं नाव तोरनाखाली येऊ देऊ नको. माह्या सासूची जीभ काय आहे ते तुले मालूम नाई. मले तिथी जगाचं आहे.”

इसरू बैलाच्या कानाशी वाकून आवतन सांगू लागला. मान वर केली तेव्हा ती दूर गेली होती, आणि पाळीवरच्या चिखलात तिच्या पावलांचे ठसे पाण्यानं भरत होते. जंगू म्हशीच्या शेपटीला धरून पाण्यातून वर आला आणि म्हणाला की ती जे म्हणाली ते रास्त आहे. तीर हरणाला मारायचा असेल तर वासराच्या पोटातून नेऊ नये. इसरूनं त्याला, तू ढोल वाजव, म्हणून उडवून लावलं. पण रात्री अंथरुणावर त्यानं त्या दोन ओळी मनातून पुसल्या. पुसल्या असं त्याला वाटलं.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली तशी आखर भरला. वडस्याहून जीप आली. साहेब आले. पांढरी टोपी, काळा चष्मा, बसायला त्यांना गुणवंतरावाच्या घरची खुर्ची. बाजूला वडस्याचा जावई, रेशमी सदऱ्यात घामेजलेला. पलीकडं बाया ताटं घेऊन उभ्या, त्यांत रुखमा. झडत्या सुरू झाल्या. कोणी तलाठ्याला घेतलं, कोणी रेशनच्या ज्वारीला घेतलं. पत्रू म्हाताऱ्यानं आपल्याच सुनेला घेतलं, आणि सून सर्वांत जोरात हसली. साहेबही हसले. लोककला आहे, जपली पाहिजे, असं जावयाला म्हणाले.

मग ढोल थांबला. गुणवंतराव पुढं झाला. शिंगांवर मखर बांधलेल्या पांढऱ्या बैलाच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला, आणि मागं न पाहता डावा कान जरासा मागं झुकवला. इसरू त्या कानाशी उभा होता. जंगूनं थाप मारली. इसरूनं पहिली ओळ सोडली, आणि गुणवंतरावानं ती गर्जून म्हटली:

“धान रे धान, धुऱ्यावरचं धान,
नागपूर आमचं डोकं, चांदा आमचा कान.”

ही तर मागच्या सालची, अशी कुजबुज झाली. ही मुंबईची झडती नव्हती. गुणवंतरावालाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, त्याची मान थोडी वळली. पण थाप पडली, कानात पुढची ओळ आली, आणि सवयीचं तोंड उघडलं:

“डोकं ठेवून धड नेते, असा कसा न्याय,
मुंबईच्या गोठ्यात आमची बांधू नोको गाय.”

आता त्याला कळलं. कळलं ते इसरूला त्याच्या मानेवर दिसलं. कॉलरच्या वरची कातडी आधी लाल झाली, मग पांढरी. बैलाच्या खांद्यावरची बोटं आवळली. “इसरू,” तो ओठ न हलवता म्हणाला, “काय करून राह्यला बे?”

इसरूनं जंगूकडं मान हलवली. थाप पडली. समोर सारं गाव, मधे साहेब, आणि हाताखाली बैल. मानाची झडती अर्धी झाली होती. सोडली तर दावण रिकामी होईल, हे गुणवंतरावाला त्याच्या आईनं सांगितलं होतं, तिला तिच्या सासूनं. त्याच्या मागं त्या क्षणी इसरू एकटा नव्हता, गावचे सारे मेलेले लोक उभे होते. कानात ओळ आली. त्यानं ती म्हटली. आवाज फाटला तरी म्हटली:

“बैलाच्या खांद्यावर हात, खोटं बोलू काऊन,
मुंबईच्या दारी गेलो तं जीभ पडो गळून.”

साहेबांनी चष्मा काढला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. इथं झडती संपत होती. मागच्या वर्षी इथंच संपली होती, आणि लोक ‘हर हर महादेव’ म्हणायला तोंड उघडत होते. इसरूला हवं होतं ते सारं मिळालं होतं.

पण माणसाच्या जिभेला सुडाची गोडी लागली की ती ताटातलं संपलं म्हणून थांबत नाही. समोर त्या माणसाचा कान थरथरत होता. चैत्रातलं ऊन इसरूला आठवलं, मांडवावरची वाळकी पानं आठवली, लाजतो काय बे, हे शब्द आठवले. हा माणूस आता आपण म्हणू ते म्हणेल. जे कधी कबूल करणार नाही, ते साऱ्या गावापुढं स्वतःच्या तोंडानं कबूल करेल. एवढी सत्ता दिल्लीतल्या कोणाकडंही नसेल, असं त्याला वाटलं. त्यानं बायांच्या रांगेकडं पाहिलंसुद्धा. रुखमा त्याच्याकडंच बघत होती, आणि मान अगदी बारीक, नाही म्हणून हलवत होती.

त्यानं जंगूला खूण केली. जंगूनं हात वर घेतला, खाली आणायला उशीर केला, मग मारली थाप. इसरूनं ओळी सोडल्या. आणि झडती तोडायच्या भीतीनं वेडा झालेल्या गुणवंतरावानं त्या डोळे मिटून म्हणून टाकल्या:

“पोतं पोतं धान गेलं वडस्याच्या गिरनीत,
रुखमा देली पोत्यासंगं, तिकीट घेतलं ओटीत.”

हर हर महादेव झाला. असा झाला की तलावावरचे बगळे उठले. लोक हसत होते, एकमेकांच्या अंगावर पडत होते. सोमाजी खाली बसला. साहेब उठले, कपडे झटकले आणि जावयाला काहीतरी हळू आवाजात म्हणून जीपकडं चालू लागले. तिकीट गेलं, हे चालण्यावरूनच दिसलं. गुणवंतराव बैलाला टेकून उभा होता, जशी वाळवी लागलेली तुळई भिंतीला टेकून उभी राहते. इसरूच्या छातीत काहीतरी उकळून वर आलं, इतकं गोड की डोळ्यांत पाणी आलं.

मग जावई पुढं आला. चेहरा काळानिळा. तो गुणवंतरावाकडं गेला नाही, सोमाजीकडं गेला आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तुमची पोरगी ठेवा तुमच्याचपाशी. आमच्या घरी पोत्यासंगं आलेलं सामान आमी ठेवत नाई.”

कोणी हसलं नाही. इसरूला मात्र, आणि हे त्याला पुढं कधी स्वतःशीही बोलता आलं नाही, त्या शब्दांनी एक आनंद झाला. तर ती इथं राहणार. तिला परत पाठवलं. हेच आपल्याला हवं होतं का? त्यानं त्या दोन ओळी पुसल्या नव्हत्या त्या याच्यासाठी का?

रुखमा रांगेतून बाहेर आली. ताट हातातच होतं, त्यातला दिवा वाऱ्यानं आडवा होत होता. बाप बोलावत होता, तिनं ऐकलं नाही. ती सरळ तोरणाखाली आली. गुणवंतरावाचा हात जिथं होता तिथंच, त्या पांढऱ्या बैलाच्या खांद्यावर तिनं आपला हात ठेवला. गुणवंतरावानं आपला काढून घेतला. तोरणाखाली बाईनं झडती म्हटल्याचं गावात कोणी ऐकलं नव्हतं. म्हणू नये असं मात्र कोणी कधी सांगितलंही नव्हतं. तिच्या कानाशी कोणी नव्हतं. जंगूनं न सांगता ढोल उचलला.

“मोट रे मोट, चामड्याची मोट,
दुसऱ्याच्या तोंडी घालते आपल्या मनची गोठ.
मले इचाराची होती तेव्हा गेली त्याची वाचा,
इसरू भाऊ, खांदा तुले लागते दुसऱ्याचा.”

भाऊ म्हणाली. साऱ्या गावापुढं, बैलाच्या खांद्यावर हात ठेवून. इसरूला आठवून पाहावंसं वाटलं, की नागपूरला जाण्याआधी, तलावावर, धानाच्या बांधीत, दंडारीच्या तालमीत, कधीतरी आपण हिला स्वतः विचारलं होतं का. गाणी म्हटली होती. तिच्या रूपावर म्हटली होती, तिच्या चालण्यावर म्हटली होती. पण विचारायला त्यानं गुणवंतरावाला पाठवलं होतं. दिल्लीवर आणि वडस्यावर त्यानं जो आरोप ठेवला होता, त्याच्या खाली आता त्याचंही नाव होतं, आणि ते नाव घेणारीच समोर उभी होती.

आधी पत्रूची सून ओरडली. मग बायांची सारी रांग. मग आखरभर पसरला तो घोष, ‘हर हर महादेव’, गुणवंतरावाच्या वेळेपेक्षाही मोठा. आणि इसरूचं तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय. झडती संपली की त्याच्या गळ्यातून ते आपसूक निघायचं, आणि आताही निघालं. सर्वांत वरच्या पट्टीत, त्याच्याच गोड आवाजात. काय उचलून धरलं हे कळेपर्यंत म्हणून झालं होतं.

रुखमानं बैलाला कुंकू लावलं, ओवाळलं, ताट आईच्या हाती दिलं. मग साहेब बसले होते त्या जीपकडं गेली आणि मागच्या जागेवर चढून बसली. जावयानं तिच्याकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं. त्यानं नको म्हटलं असतं तर त्यालाही एक झडती मिळाली असती, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो गुमान पुढं जाऊन बसला. जीप धुरळा सोडत वडस्याच्या वाटेला लागली. रुखमानं मागं वळून पाहिलं नाही. पुढं तिचं तिथं काय झालं, सासूनं काय म्हटलं, ते उमरटोलीला कळलं नाही. पुढच्या सणाला ती आली नाही, एवढंच.

जंगूनं कासरा सोडला. पांढऱ्या जोडीनं तोरण तोडलं आणि पोळा फुटला. बैल धावले, पोरं धावली, घुंगरांचा आणि खुरांचा एकच गलका गावाकडं वाहत गेला. गुणवंतराव त्या धुरळ्यात कधी नाहीसा झाला ते कोणी पाहिलं नाही. निवडणुकीत त्याचं नाव कोणत्याच पेटीवर आलं नाही, आणि पुढच्या साली मानाचा बैल दुसऱ्या घरचा झाला. सूड पुरता झाला होता. कोणी विचारलं असतं तर इसरूलाही तसंच म्हणावं लागलं असतं.

आखर रिकामा झाला. तुटलेल्या तोरणाची पानं खुरांखाली चिरडली होती. जंगू ढोल खांद्यावर टाकून इसरूपाशी आला.

“घरी चाल,” तो म्हणाला. “तुहा बैल दारात जाऊन उभा असन. त्याले पोळी चाराले कोनी नाई.”

इसरू जंगूच्या मागून नाही, त्याच्या बरोबरीनं, गावाकडं चालू लागला.